ओरडेल त्याला आधी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एकटीनं घातली तर कडा जुळत नाहीत आणि वॉर्डातल्या सिस्टर गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवतात. माझ्यासमोरचं टोक बरीच वर्षं घडीताईच्या हातात होतं. आम्ही दोघी मागे सरायचो, चादर झटकायचो, पुढे यायचो आणि टोकं एकमेकींच्या हातात द्यायचो. बोलायचं ते जवळ आल्यावर, कारण इस्त्रीच्या मोठ्या मशीनच्या घरघरीत लांबचं ऐकू येत नाही. त्यामुळे तिची सगळी गोष्ट मला एकेका वाक्यानं कळली. मधल्या वेळात मी विचार करत मागे सरायची आणि पुढे आले की तिनं भलतंच वाक्य सुरू केलेलं असायचं.

घडीताई हे नाव तिला आम्हीच दिलेलं. तिच्या घड्या पट्टीनं आखल्यासारख्या असत, बाकी तिचं सगळंच विस्कटलेलं. डब्याचं झाकण एका रंगाचं, डबा दुसऱ्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. स्वभाव मात्र असा की कुणी दोनदा मागितलं की ती स्वतःच्या ताटातलं उचलून देईल आणि वर त्याचीच माफी मागेल.

तिचा नवरा फर्निचर पोचवण्याच्या टेम्पोवर होता. एका तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवताना तो कपाटाच्या खाली आला. पाठीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण ओझं उचलायचं कायमचं बंद. मालकानं चार दिवस विचारपूस केली आणि दुसरा माणूस ठेवला. त्याच सुमाराला आमच्या लाँड्रीतले निम्मे कपडे बाहेरच्या कंत्राटदाराकडे जायला लागले आणि आमच्या पाळ्या कापल्या गेल्या. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, तिच्याकडे तर दोन हत्ती एकदमच आले.

मग कर्जं सुरू झाली. आधी दुकानाचं उधारीचं कार्ड, किराण्यासाठी. कार्डाचा हप्ता थकला म्हणून एका कंपनीचं वैयक्तिक कर्ज. त्याचा हप्ता भरायला मोबाइलवरचं कर्ज, जे दोन मिनिटांत मिळालं. नको तेवढ्या लवकर मिळालं, असं ती म्हणायची. फ्रिज बिघडला तेव्हा फ्रिजही हप्त्यांवरच आला. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं करत करत टोप्या वाढत गेल्या आणि डोकं एकच राहिलं, तिचं.

आमची मुकादम एकदा तिला म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत. घडीताई चादरीचं टोक धरून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "पाय होते तेवढेच आहेत हो, अंथरूण आटलं."

देण्याची तिची एक पद्धत होती. जो जास्त ओरडेल त्याला आधी. पगाराच्या दिवशी फोन सुरू व्हायचे. मोबाइलवरच्या कर्जाचा एक माणूस होता, तो शिव्या द्यायचा. त्याचं कर्ज सगळ्यांत लहान होतं आणि पैसे सगळ्यांत जास्त त्यालाच जात होते. मोठ्या कर्जाच्या कंपनीतून एक बाई फार गोड बोलायची. 'कसं जमतंय ताई, बघा ना थोडं,' असं म्हणायची, म्हणून तिचा हप्ता मागे पडायचा. फ्रिजवाले फक्त मेसेज पाठवत, तर त्यांना नुसतं 'हो' असं उत्तर जायचं. घराचा मालक म्हातारा, मितभाषी. त्याला जिन्यात भेटल्यावर ती पुढच्या महिन्यात म्हणायची आणि तो मान हलवायचा. भाडं थकत गेलं.

यात भर म्हणून एक दिवस नवीनच फोन आला. कुणी एक माणूस सांगू लागला की तुमचं मोठं कर्ज आता आमच्याकडे आहे, आम्ही ते विकत घेतलंय, यापुढे हप्ता आम्हाला द्यायचा. चादर घेऊन पुढे आल्यावर तिनं मला विचारलं, "अगं, कर्ज विकत घेतात?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

पुढच्या खेपेला म्हणाली, "मी काय म्हैस आहे का? मला न विचारता विकायला?"

तिनं त्या गोड बोलणाऱ्या बाईला विचारावं असं ठरलं. पण ती बाई आता फोनवर येईना. तिच्या जागी जुन्या कंपनीचा म्हणून दुसराच कुणी बोलला आणि म्हणाला, आम्ही काही विकलेलं नाही, पैसे आम्हालाच द्या. नवा म्हणे आम्हाला द्या. दोघांची नावं ऐकायला जवळजवळ सारखी. खरं कोण, खोटं कोण, की दोघंही खरे, हे कळेना. तिनं तिच्या रीतीप्रमाणे तोडगा काढला. दोघांनाही थोडं थोडं द्यायला लागली. त्यामुळे दोघंही रागावले.

नवऱ्याला यातलं अर्धंमुर्धं माहीत होतं. तो घरी बसून कागदावर बेरजा करायचा आणि दर वेळी त्याचा आकडा वेगळा यायचा. कमी आला की तो खूश असायचा. दाराची बेल वाजली की तो रेडिओ बंद करून श्वास रोखून बसायचा. दार उघडायचं नाही हे त्यानं तिच्याकडून ऐकलं होतं आणि तेवढं एक काम तो मनापासून करायचा.

मग घरमालकाचं पत्र आलं. त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, पत्रातही चढवला नव्हता. साधंच लिहिलं होतं की भाडं थकलं आहे, दोन महिन्यांत काही केलं नाहीत तर मला घर रिकामं करून मागावं लागेल. घडीताईनं ते मला कपडे बदलायच्या खोलीत दाखवलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, बुचकळ्यात पडलेला होता.

"तो कधी काहीच बोलला नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं त्याला चालतंय."

आमच्या इथल्या सार्वजनिक वाचनालयात मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा एक बाई बसते आणि कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देते, हे मला माझ्या जावेकडून कळलं होतं. मी घडीताईला जवळजवळ ओढतच नेलं. फुकट म्हटल्यावर तिचा आणखी विश्वास बसेना. फुकटच्या नादात आणखी एक कर्ज गळ्यात पडायचं, असं वाटेत म्हणत होती.

सल्ला देणारी बाई वयानं लहान होती आणि तिला सर्दी झालेली. समोर खोकल्याच्या गोळ्यांची पुडी होती, ती मध्येच आम्हालाही एकेक गोळी द्यायची. घडीताईनं पिशवीतून सगळे कागद टेबलावर ओतले. बाईनं न दचकता ते वेगळे केले. आम्ही दोघी ते बघत बसलो. कागद तेच, पण कुणीतरी हात लावल्यावर ते कमी दिसायला लागले.

बाईनं आधी कर्जांचं काही विचारलंच नाही. भाडं किती, वीज किती, खाण्याला किती, येण्याजाण्याला आणि औषधांना किती, एवढंच विचारलं. घडीताईला वाटलं ही चुकीचं विचारतेय. ती बोलणं पुन्हा पुन्हा मोबाइलवाल्या माणसाकडे वळवायची आणि बाई पुन्हा भाड्याकडे यायची. शेवटी बाईनं पेन खाली ठेवलं.

"हे बघा. भाडं नाही दिलं तर घर जाईल. या बाकीच्यांकडे तुमचं काही गहाण आहे का? दागिना, घर, काही?"

"नाही. गहाण ठेवायला काय आहे?"

"म्हणजे ही सगळी बिनतारण कर्जं. ती फेडायची आहेतच, पण ते असे उठून येऊन काही उचलून नेऊ शकत नाहीत. त्याला कोर्टात जावं लागतं."

"तो मोबाइलवाला टीव्ही नेणार म्हणाला होता."

"म्हणू दे."

घडीताईनं टेबलावरचे कागद एकदा पाहिले. मग म्हणाली, "मग मी त्यालाच का देत होते सगळं?"

बाईनं पुन्हा पेन उचललं. खर्च भागल्यावर महिन्याला उरतं किती, ते तिनं काढलं. फार थोडं उरत होतं. तेवढंच सगळ्यांत वाटायचं, असं तिनं सांगितलं. ओरडण्याच्या मानानं नाही, येण्याच्या मानानं. ज्याचं जास्त येणं त्याला जास्त, कमी त्याला कमी. तशी पत्रं ती सगळ्यांना पाठवणार होती. पुढे कुणाचा फोन आला तर एकच वाक्य म्हणायचं: पत्र पाठवलंय, त्यात लिहिलंय तेवढं देईन.

"आणखी कुणाचं देणं आहे का?" तिनं शेवटी विचारलं.

घडीताई नाही म्हणाली. पण बाई कागद चाळत होती. ऑपरेशनचं बिल मोठं होतं आणि ते भरल्याची पावती होती. हे कुठून भरलं, असं तिनं विचारलं.

"ते दादानं दिले. माझ्या भावानं."

"ते परत द्यायचेत?"

"तो मागत नाही."

"मागत नाही ते वेगळं. तुम्हाला द्यायचेत का?"

"द्यायचे तर आहेत," घडीताई म्हणाली, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "पण तो काही सावकार नाही. त्याला या लोकांच्या रांगेत कसं बसवायचं?"

बाईनं समजावून सांगितलं की यादीत नाही घेतलं तर वाटणीत दादासाठी काही उरणारच नाही. उरतं तेवढं सगळं कंपन्यांत जाईल आणि जो मागत नाही त्याला पुढची कित्येक वर्षं काहीच मिळणार नाही. घेतलं तर त्यालाही थोडं मिळेल. ठरवा तुम्ही. घडीताईनं माझ्याकडे पाहिलं. मी गोळी चघळत बसले. शेवटी ती म्हणाली, घ्या लिहून. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, नको होतं लिहायला. आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा म्हणाली, बरं झालं लिहिलं.

तिचा एक समज मात्र झाला होता की दादाचं नाव नुसतं हिशेबापुरतं घेतलंय. पत्र फक्त कंपन्यांना जाणार.

पुढच्याच आठवड्यात आम्ही पाळी संपवून तिच्या घरी चाललो होतो. तिच्याकडची कात्री मला हवी होती. जिन्यात पहिल्या वळणावर तिचा दादा पायरीवर बसलेला दिसला. मी त्याला आधी एकदाच पाहिलं होतं. तो एका गोदामात सुपरवायझर आहे, त्याचं बरं चाललंय, असं ती नेहमी अभिमानानं सांगायची. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर एक पाकीट.

"भावजी दार उघडत नाहीत," तो म्हणाला. "आत आहेत. रेडिओ बंद केलेला ऐकला मी."

घडीताईनं पाकीट ओळखलं, सल्ला देणाऱ्या बाईकडचं होतं. तिचा हात कठड्यावर गेला. मी कात्री उद्या नेते म्हटलं, तर तिनं माझा दंड धरला आणि सोडला नाही. त्यामुळे मी तिथंच उभी राहिले आणि जे झालं ते मी ऐकलं.

ती भराभरा बोलायला लागली. दादा, ते तुला यायला नको होतं, त्या बाईनं चुकून पाठवलं, तू ते फाडून टाक, तुझ्यामाझ्यात कसलं आलंय पत्र. दादा पाकिटातून कागद काढून पुन्हा पुन्हा सरळ करत होता. त्याला राग आलाय की हसू, ते कळेना.

"छापील आहे," तो म्हणाला. "मला आधी वाटलं मीच कुणाचं तरी देणं लागतो. दोनदा वाचलं तेव्हा कळलं की मला मिळायचे आहेत."

"फाड ना ते."

"नको."

ती थांबली. त्यानं कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे महिन्याला दादाला किती मिळतील ते लिहिलं होतं. अगदीच क्षुल्लक रक्कम. घरी पाहुणा आला तर त्याच्या चहाबिस्किटांत संपेल एवढी.

"हे एवढे तू खरंच देणार आहेस?" त्यानं विचारलं.

"एवढेसेच आहेत रे. लाज वाटते."

"एवढेसे चालतील."

तिला कळलंच नाही. मलाही नाही. तिची अपेक्षा अशी होती की तो रागावेल, नाहीतर म्हणेल, वेडी आहेस का, राहू दे. या दोन्हींची तयारी तिच्याकडे होती. चालतील याची नव्हती.

मग त्यानं सांगितलं. ते पैसे त्याचे नव्हतेच. गोदामातल्या कामगारांची पतपेढी आहे, तिथून त्यानं कर्ज काढलं होतं आणि तेव्हापासून दर महिन्याला ते पगारातून कापून जातं. वहिनीनं संध्याकाळचं एका दुकानात काम धरलंय ते या हप्त्यामुळेच. स्कूटर मागच्या वर्षीच विकली. शर्टाला इस्त्री तो स्वतः करतो, कारण गोदामात साहेबांसमोर उभं राहावं लागतं.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"तू विचारलंस, आहेत का? मी म्हणालो, आहेत. एकदा आहेत म्हटल्यावर मग कुठून आणले ते काय सांगायचं."

"मी समजत होते तुझं बरं चाललंय."

"मीही तसंच म्हणत होतो सगळ्यांना," दादा म्हणाला.

वरून दार किलकिलं उघडलं आणि तिच्या नवऱ्याचं डोकं बाहेर आलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, कोणीतरी बराच वेळ बेल वाजवत होतं, गेलं का ते? मग त्याला मेहुणा दिसला आणि तो इतका ओशाळला की पाठीचं दुखणं विसरून चार पायऱ्या खाली उतरून आला. आत गेल्यावर त्यानंच चहा ठेवला. साखर संपली होती, ती मी खालच्या दुकानातून आणली. चहा पिताना कुणी पैशांचं बोललं नाही. दादा मेहुण्याला पाठीचे व्यायाम विचारत होता आणि घडीताई त्याच्या बुटांकडे बघत होती. ती नंतर मला म्हणाली की बूट नीट पाहिले तेव्हा कळलं, तळवा दोनदा बदललेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा चादरी घेतल्या. अर्धा गठ्ठा झाल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "मला राग आलाय गं. पण कुणाचा ते सापडत नाहीये."

मागे सरताना मला वाटलं, दादाचाच असेल. पण पुढे आल्यावर ती म्हणाली की तिला इतकी वर्षं वाटायचं, आपल्या माणसांत एक जण तरी सुखात आहे. घरात कितीही वाईट दिवस असला तरी ती मनात म्हणायची, दादाचं बरं आहे. आता तेही गेलं. आणि तरीही रात्री तिला कधी नव्हे ती गाढ झोप लागली होती. हे कसं, असं ती मला विचारत होती. मी चादर तिच्या हातात दिली.

पुढच्या काही महिन्यांत पत्रांची उत्तरं आली. फ्रिजवाल्यांनी ठरवलेली रक्कम मुकाट्यानं मान्य केली. नव्या कंपनीनं अटी घालून मान्य केली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू असं लिहिलं. मोबाइलवाला माणूस अजून फोन करत होता. घडीताई बाईनं शिकवलेलं वाक्य म्हणायची आणि फोन ठेवून तो पिशवीच्या तळाशी लपवायची. वाक्य तिच्या तोंडात बसलं, पण भीती गेली नाही. सगळ्यांत गोंधळ घातला तो जुन्या कंपनीनं. त्यांच्याकडून पत्र आलं की आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्याकडे आमचं काहीही येणं नाही. मग मधल्या काळात त्यांनी घेतलेले पैसे कुठं गेले? त्याची चौकशी सल्ला देणाऱ्या बाईनं सुरू केली, ती अजून चालूच आहे. पण घडीताईला पैसे गेल्यापेक्षा त्या पत्राचीच धास्ती जास्त. काहीही येणं नाही असं आजवर तिला कुणी लिहिलं नव्हतं. ती ते पत्र उजेडात धरून बघायची.

मालकाचं थकलेलं भाडं ती थोडं थोडं फेडतेय. घर राहिलं. पहिल्यांदा जास्तीचे पैसे त्याच्या हातात ठेवले तेव्हा त्यानं नेहमीसारखी मान हलवली. ती मला म्हणाली की तेव्हाही त्याचं काय म्हणणं होतं ते कळलं नाही, पण यापुढे मान हलवली म्हणजे चालतंय असं समजायचं नाही, एवढं तिनं ठरवलंय. सगळं फिटायला किती वर्षं लागतील, हे बाईनं काढून दिलंय. तो आकडा घडीताई कुणाला सांगत नाही. तोवर आम्ही दोघी निवृत्त झालेल्या असू, एवढंच ती म्हणते.

दादा मात्र आता दर महिन्याला येतो. पूर्वी वर्षातून दोनदा यायचा, तोही घाईत. आता पगाराच्या आठवड्यात कामावरून थेट येतो, ती पैसे देते, तो न मोजता खिशात घालतो आणि मग बराच वेळ बसतो. कधी वहिनीही सोबत असते. पहिल्या महिन्यात दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघवेना, आता निदान भाजीच्या भावावरून तरी बोलतात.

मागच्या महिन्यात नवऱ्याच्या औषधांत सगळं गेलं आणि दादाच्या वाट्याला काहीच उरलं नाही. तिनं बाईला कळवलं, कंपन्यांना कळवलं आणि दादालाही फोन करून सांगितलं, या महिन्यात येऊ नकोस, द्यायला काही नाही. तो बरं म्हणाला. आणि संध्याकाळी दारात उभा. या वेळी नवऱ्यानं दार लगेच उघडलं.

"सांगितलं होतं ना काही नाही म्हणून?" ती म्हणाली. "मग कशाला आलास?"

दादा बूट काढत होता. "काय माहीत," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला.